साल्व्हियातली झोप

सगळी गल्ली तिला सिस्टर म्हणायची. घरात धाकटा भाऊ आणि भावजय ताई म्हणायचे, पण भावजय चिडली की तिच्याही तोंडून ‘सिस्टरबाई’ निघायचं, आणि मग घरातल्यांनी ओळखायचं की काहीतरी बिनसलंय.

उभी नोकरी तिने रात्रपाळीत काढली. इतर नर्सेसना घरी मुलंबाळं होती, हिची वाट बघणारं कोणी नव्हतं, म्हणून सुरुवातीला रात्रपाळी हिच्या गळ्यात पडली आणि पुढे हिलाच ती आवडून गेली. दिवसा वॉर्ड म्हणजे नुसता बाजार. रात्री तो पाण्यासारखा निवळायचा. झोपलेली माणसं तिला जाग्या माणसांपेक्षा जास्त कळायची. कोण खरं झोपलंय, कोण नुसते डोळे मिटून पडलंय, हे ती दारातूनच सांगायची. झोपेत माणसांच्या तोंडावरची वर्षं गळून पडतात, असं ती म्हणायची. एरवी दिवसभर सगळ्यांवर खेकसणारा म्हातारा गालाखाली हात घेऊन झोपला की कोणाचा तरी लाडका मुलगा दिसायचा. उजाडलं की ती शेवटची फेरी मारायची, खिडक्यांचे पडदे सारायची, दिवसपाळीच्या हाती वॉर्ड सोपवायची आणि घरी येऊन उन्हाकडे पाठ करून झोपायची. भाऊ सायकली दुरुस्त करायचा. त्याने अंगणात हातोडीने रिम ठोकायला घेतली तरी ती कूस बदलायची नाही.

निवृत्त झाली आणि ही झोप गेली. रात्री डोळ्याला डोळा लागेना, आणि दिवसा झोपायचं तर कारण उरलं नव्हतं. सगळी माणसं ज्या वेळी झोपतात त्या वेळी आपणही झोपायचं, एवढी साधी गोष्ट तिला जमेना. दिवसभर ती घरात अशी वावरायची की जणू घर पाण्याखाली आहे. चहा करायला जायची आणि गॅससमोर उभी राहून काय करायला आलो ते विसरायची. एकदा भावजयीकडे पडदे शिवून घ्यायला आलेल्या बाईला तिने दारात विचारलं, “ताप किती आहे?”

“ताई, डोळे मीट आणि कशाचाही विचार करू नकोस,” भाऊ म्हणाला.

“तेच करते रात्रभर. कशाचा विचार करायचा नाही, याचाच विचार.”

भावजय घरी पडदे शिवून द्यायची. तिचं मशीन पुढच्या खिडकीत होतं आणि गल्लीतली बातमी तिच्या सुईखालूनच पुढे जायची. पडदे न्यायला आलेल्या एका बाईने तिला सांगितलं, उशीत लव्हेंडरची सुकी फुलं घातली की माणूस लहान बाळासारखा झोपतो. भावजयीने ते जेवताना सांगितलं. सिस्टरने नाक मुरडलं, आणि दुसऱ्याच दिवशी पिशवी घेऊन बाहेर पडली.

पाण्याच्या टाकीमागे एक नर्सरी होती. हिरव्या जाळीखाली काळ्या पिशव्यांतली रोपं ओळीने मांडलेली, ओल्या मातीचा गार वास, कुठेतरी ठिबकणारा नळ. मालक एका उलट्या कुंडीवर बसून डुलक्या काढत होते. त्यांचं खरं नाव कोणी घेत नसे. येणारेजाणारे सगळे त्यांना डुलकीमामा म्हणत. ते कधी पुरते झोपायचे नाहीत आणि कधी पुरते जागे व्हायचे नाहीत. रोप उचलल्याचा आवाज आला की डोळे उघडायचे, गिऱ्हाईक गेलं की पुन्हा मिटायचे. सिस्टरला त्यांचा पहिल्या नजरेतच हेवा वाटला.

“नर्स ना तुम्ही? गल्लीतल्या सिस्टर,” ते म्हणाले. “मग नर्सरीत यायला इतकी वर्षं का लावलीत? नात्यातलीच जागा आहे.”

“मला ते निळं पाहिजे,” ती म्हणाली. “तुऱ्याचं. झोप आणतं ते. लव्हेंडर.”

मामांनी कोपऱ्यातल्या रोपांकडे बोट केलं. वीतभर उंचीची रोपं, टोकांना निळे तुरे नुकते कुठे फुटत होते. “हेच ना?”

“हेच,” सिस्टर म्हणाली. तिने याआधी लव्हेंडर फक्त साबणाच्या वेष्टनावर पाहिलं होतं.

पुढच्या अंगणात भिंतीकडेला भावाच्या जुन्या रिमा, फाटकी टायरं आणि एक चाकं नसलेली सायकल पडून होती. सिस्टरने ती जागा मागितली. भाऊ म्हणाला, त्यात कामाच्या वस्तू आहेत. भावजय म्हणाली, लग्न होऊन आले तेव्हापासून या वस्तू मी ओळखते, त्यांतल्या एकीनेही आजवर काम केलेलं नाही. जागा मोकळी झाली.

ती रोपांची देखभाल पेशंटसारखी करायला लागली. सकाळ-संध्याकाळ पाणी, पानांना ओल्या फडक्याने पुसणं, ऊन चढलं की छत्री. थोड्याच दिवसांत पानं पिवळी पडून माना टाकू लागली. ती धावत नर्सरीत गेली. डुलकीमामांनी एक डोळा उघडला.

“पाणी किती घालता?”

तिने सांगितलं.

“सिस्टर, त्याला बरं नाही असं कोणी सांगितलं तुम्हाला? ते धडधाकट आहे. ऊन खाऊ दे, तहान लागू दे. माती बोटाला कोरडी लागली की मगच पाणी. आणि शेंडे खुडा.”

“एवढंसं तर आहे, त्याचे शेंडे खुडू?”

“खुडल्याशिवाय ते आजूबाजूला बघत नाही. नुसतं वर जातं.”

शेंडे खुडताना तिने डोळे मिटून घेतले. आयुष्यभर टाके घातलेल्या, सुया टोचलेल्या बाईने! पण मामांचं खरं झालं. प्रत्येक खुडलेल्या टोकाखालून दोन-दोन फुटवे निघाले आणि रोपं रुंद, गुबगुबीत झाली. देठ बोटांत धरला की चौकोनी लागायचा, आणि त्यावर पिठाचा हात लागल्यासारखी पांढुरकी पूड असायची. मग तुरे आले. सुरुवातीला राखाडी, मग जांभळट, मग एके दिवशी अचानक निळे. सिस्टरने असा निळा कधी पाहिला नव्हता. दुपार कलली की ऊन भिंतीवरून खाली उतरायचं आणि तुऱ्यांच्या आत शिरून बसायचं. तेव्हा ती फुलं दिसायची नाहीत, नुसता निळा धूर भिंतीकडेला थांबलाय असं वाटायचं. वारा आला की धूर एका अंगाला कलायचा आणि पुन्हा सावकाश उभा राहायचा. भावजयीचं मशीन आत टिकटिक करत असायचं. सिस्टर वेताच्या खुर्चीत बसून बघत राहायची. कधीकधी तिच्या लक्षात यायचं की पाय जमिनीवर आहेत हे आपण मघापासून विसरलो आहोत.

तुरे तिने कापून सावलीत उलटे टांगले. सुकले तरी रंग उडाला नाही. भावजयीने पडद्याच्या उरलेल्या मलमलीची छोटी पिशवी शिवली, सिस्टरने ती उशीत सरकवली आणि झोपली. खरंच झोपली. स्वप्नात तिला आपला जुना वॉर्ड दिसला, पण छप्पर नसलेला. खाटांच्या मधून गुडघाभर निळे तुरे आलेले, आणि पेशंट एकेक करून उठून, चादरी खांद्यावर टाकून, त्या निळ्यातून चालत घरी निघालेले. कोणी तिला विचारलं नाही, जाऊ का म्हणून. तिलाही कोणाला अडवावंसं वाटलं नाही.

सकाळी ती नाश्त्याला आली ती गुणगुणत. भाऊ आणि भावजय एकमेकांकडे बघत राहिले.

खिडकीतल्या मशीनवरून बातमी गल्लीभर गेली. वरच्या मजल्यावरच्या सुनेचं तान्हं बाळ रात्र-रात्र रडायचं. तिने एक पिशवी नेली. समोरच्या निवृत्त पोस्टमनकाकांना पाठदुखीने झोप नव्हती. त्यांनी एक नेली. दोघांनाही गुण आला. मग आणखी कोणी कोणी आलं. सिस्टर कोणाला नाही म्हणाली नाही. उलट पिशवी हातात देताना ती पूर्वीसारखी बजावायची, “उजव्या कानाशी ठेवा, आणि झोपायच्या आधी तासभर भांडण नाही.”

भावाची मुलगी दुसऱ्या गावी साबणाच्या कारखान्यात कामाला होती. सुट्टीला आली तेव्हा आत्याने कौतुकाने तिच्या उशाशी पिशवी ठेवली. पोरीने वास घेतला, पुन्हा घेतला, पिशवी चोळून पुन्हा नाकाशी नेली.

“आत्या, हे काय आहे?”

“लव्हेंडर.”

“नाही गं. लव्हेंडरच्या तेलाचे डबे मी रोज उघडते. तो वास धुतला तरी केसांतून जात नाही. याला तर सुक्या गवताचा वास येतोय.” मग ती अंगणात जाऊन रोपं बघून आली. “हा साल्व्हिया आहे. शोभेचा. आमच्या ऑफिसच्या फाटकाजवळ आहे ना, तोच. किती छान आलाय पण!”

शेवटचं वाक्य आत्याला ऐकूच आलं नाही.

भाऊ हसून म्हणाला, झोप लागतेय ना, मग नाव काही का असेना. पण सिस्टरला हसू येईना. दुखऱ्या माणसाला तिने कधी खोटं सांगितलं नव्हतं. सुई टोचताना ‘दुखणार नाही’ असं म्हणणाऱ्या नर्सेसवर ती डाफरायची. आणि आता सगळ्या गल्लीच्या उशीत तिच्या हातचं खोटं औषध होतं. ती तशीच उठली आणि दारोदार सांगून आली.

पोस्टमनकाका म्हणाले, “तरीच मला कालपासून पाठ पुन्हा दुखतेय असं वाटत होतं,” आणि त्यांनी पिशवी परत दिली.

वरच्या मजल्यावरची सून दारात बाळाला खांद्यावर घेऊन उभी होती. तिने ऐकून घेतलं आणि हळूच म्हणाली, “सिस्टर, लव्हेंडर म्हणजे काय हे त्याला कुठे ठाऊक आहे? तो झोपतोय. तुम्ही फक्त त्याला सांगू नका.”

सिस्टरची झोप मात्र त्याच दिवशी गेली. पिशवी उशीत होती तशीच होती, पण आता तिला तिच्यात नुसतं गवत ऐकू यायचं. तिने झाडांशी अबोला धरला. पाणी तेवढं भाऊ घालायचा, आठवण झाली तर. जुने तुरे कापायचे राहिले आणि सुकून काड्या झाले. भावजय एकदा म्हणाली, “सिस्टरबाई, झाडांनी काय घोडं मारलंय तुमचं?” ती उठून आत गेली.

शेवटी ती डुलकीमामांशी भांडायला गेली.

“ते लव्हेंडर नाही.”

“नाही,” मामा म्हणाले. दोन्ही डोळे उघडले होते.

“मग मला दिलंत कसं?”

“तुम्ही निळं मागितलंत, तुऱ्याचं. मी विचारलं हेच ना, तुम्ही म्हणालात हेच. गिऱ्हाईक एवढ्या खात्रीने बोलायला लागलं की मी मध्ये पडत नाही.”

“ही लबाडी झाली.”

“झाली,” त्यांनी मान खाली घातली. “लव्हेंडर इथल्या हवेत टिकत नाही हो. मी लावून बघितलं, दर वेळी कुजून गेलं. लोक त्या नावाने येतात, मी साल्व्हिया देतो, ते खूश होऊन जातात. परत भांडायला आलेल्या तुम्हीच पहिल्या.”

त्यांनी तिला बसायला एक कुंडी उलटी करून दिली. ती बसली नाही. “मी उपटून टाकणार आहे सगळी,” ती म्हणाली.

“उपटा,” मामा म्हणाले. “पण उजाडताना उपटा, ऊन यायच्या आत. त्या वेळी मुळं सैल असतात.”

असं काही तिने कधी ऐकलं नव्हतं. पण बागेच्या बाबतीत तिने बरंच काही ऐकलं नव्हतं, म्हणून तिने ते ऐकलं.

पहाटे ती खुरपं घेऊन अंगणात आली. उजेड अजून कशालाच चिकटला नव्हता. भिंत, खुर्ची, सायकल, सगळं एकाच राखी रंगाचं होतं आणि जरा लांब सरकल्यासारखं दिसत होतं. ती पहिल्या रोपापाशी वाकली आणि थांबली.

सुकलेल्या काड्यांना काहीतरी लटकलं होतं. बिया असाव्यात असं तिला आधी वाटलं. मग दिसलं की त्या माश्या आहेत. मधमाशीसारख्याच, पण जास्त गुबगुबीत, पोटावर निळसर पट्टे असलेल्या. प्रत्येकीने तोंडाने काडी घट्ट धरली होती, पाय पोटाशी घेतले होते आणि सगळं अंग हवेत सोडून दिलं होतं. एकीखाली एक, एकीखाली एक. पाठीवर दवाचे बारीक थेंब. सिस्टरने चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. मेल्या तर नाहीत? ती आणखी जवळ गेली. पोटं अगदी सावकाश हलत होती.

झोपल्या होत्या. खरंच झोपल्या होत्या. ते तिला सांगायला कोणी लागलं नाही.

तिने खुरपं आवाज न करता खाली ठेवलं. मग आपोआप, सवयीने, तिची पावलं हलकी झाली. एका रोपाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे ती फिरली. शेवटच्या रोपात एक माशी एकटीच, एका उघड्या फुलात डोकं खुपसून झोपली होती, मागचे पाय बाहेर. सिस्टरला हसू आलं. असा पेशंट प्रत्येक वॉर्डात एखादा असतोच, पांघरूण डोक्यावर आणि पाय उघडे.

ती खुर्चीत बसून राहिली. गल्लीत कोणाचं तरी फाटक वाजलं. आभाळ आधी पांढरं, मग पिवळसर झालं. ऊन भिंतीच्या वरच्या कडेला आलं आणि एकेक वीट उतरू लागलं. ते सगळ्यांत उंच तुऱ्याला लागलं तशी तिथली माशी थरथरली. तिने एक पाय सोडवला, मग दुसरा, तोंड पुसल्यासारखं केलं, जराशी गुणगुणली आणि उडाली. मग दुसरी उडाली. ऊन खाली येत गेलं तशा त्या एकेक उठत गेल्या. कोणाला घाई नव्हती. फुलात डोकं खुपसलेली शेवटी उठली, उलट्या पावलांनी बाहेर आली आणि मागे वळूनही न बघता गेली.

सिस्टरने एक लांब श्वास सोडला. आता काही बघायचं उरलं नाही, असं तिच्या मनात आलं आणि डोळे मिटले. आत भावजयीचं मशीन सुरू झालं, दुधवाला ओरडून गेला, भावाने कसलीशी रिम ठोकली. तिला काही कळलं नाही.

उठली तेव्हा ऊन पायाशी आलं होतं आणि कोणीतरी अंगावर अर्धवट शिवलेला पडदा पांघरला होता.

“झोप झाली का?” भावजयीने खिडकीतून विचारलं.

“झाली,” सिस्टर म्हणाली, आणि तशीच बसून राहिली. आपल्याला एवढे दिवस झोप का लागत नव्हती ते तिला आता कळलं होतं. सगळ्यांना सुखरूप झोपवून, उठवून, मगच अंथरुणावर पडायची सवय. राखायला कोणी नसताना ती नुसतीच पडून राहत होती.

त्या दिवसापासून तिने आपल्या सोयीचं घड्याळ लावलं. पहाटे उठायचं, अंगणात फेरी मारायची, माश्या उठेपर्यंत थांबायचं, आणि मग खुशाल झोपायचं. ‘रात्री झोपलंच पाहिजे’ हा हट्ट सोडला आणि मग रात्रीही थोडी थोडी झोप यायला लागली, न बोलावलेल्या पाहुण्यासारखी. सुक्या काड्या कापायच्या नाहीत असं तिने घरात जाहीर केलं. भावजय म्हणाली, बाग आहे की झाडूंचं दुकान? पण कापल्या नाहीत.

नर्सरीत जाऊन तिने डुलकीमामांना जाब विचारला. “मुळं कुठे सैल होती?”

“मुळं नसतातच सैल,” मामा म्हणाले. “माणूस सैल असतो त्या वेळी.”

“तुम्हाला माहीत होतं, तिथे माश्या असणार म्हणून?”

“तुमच्या भावजयबाई इकडून पडदे पोचवायला जाताना म्हणाल्या होत्या, ताईंनी झाडांकडे बघणं सोडलंय, नुसत्या काड्या झाल्यात. काड्या झाल्या की त्या येतात. त्यांचं पोळं नसतं हो. नर असतात, घरदार नाही, रात्र झाली की मिळेल ती काडी धरतात.” मग ते म्हणाले, “मीही तसाच. म्हणून ठाऊक.”

या वेळी सिस्टर उलट्या कुंडीवर बसली. मामांनी तिला छाट कशी लावायची ते दाखवलं: सांध्याच्या खाली कापायचं, खालची पानं काढायची, ओल्या वाळूत खोचायचं आणि रोज उपटून मुळं आलीत का ते बघायचं नाही. ते शेवटचं तिला सगळ्यांत अवघड गेलं. तांबड्या साल्व्हियाचं फूल तोडून मागच्या बाजूने चोखलं की गोड थेंब जिभेवर येतो, हेही त्यांनीच शिकवलं. दोघं म्हातारी जाळीखाली बसून फुलं चोखत होती, हे पोस्टमनकाकांनी पाहिलं आणि बातमी फार लांबचा फेरा न घेता खिडकीतल्या मशीनपर्यंत पोचली.

हळूहळू भिंतीकडेला जागा पुरेना. निळ्याशेजारी तांबडा आला, मग गर्द जांभळा, मग एक फिकट, जवळजवळ पांढरा. भावाने स्वतःहून उरलेली टायरं उचलून दिली आणि वाकड्या तारा सरळ करून तुऱ्यांना आधार केले. पिशव्या शिवणं भावजयीने पुन्हा सुरू केलं, पण आता सिस्टर देताना स्पष्ट सांगायची, “हे औषध नाही. फुलं आहेत.” तरी लोक न्यायचे. पोस्टमनकाकांनीही पुन्हा एक नेली, म्हणाले, कपाटात ठेवायला.

पुढच्या सुट्टीत भाची सकाळच्या गाडीने आली. तिने सांगितलेली गोष्ट सिस्टरने मागाहून ऐकली, कारण ती स्वतः तेव्हा जागी नव्हती. फाटकाशी रिक्षा थांबली तर आई ओट्यावर उभी, ओठांवर बोट. रिक्षावाल्याने सुट्टे पैसे काढायला खिसा खुळखुळवला तर आईने त्याच्याकडे असं काही पाहिलं की तो सुट्टे न देताच गेला. अंगणात ऊन नुकतं उतरत होतं. एका खुर्चीत आत्या, मान कलती, चष्मा मांडीवर. शेजारच्या खुर्चीत एक टोपीवाले गृहस्थ, हातात थंड झालेला चहा. दोघंही गाढ. आणि दोघांच्यामध्ये निळ्या तुऱ्यांवर माश्यांची ये-जा सुरू झालेली.

“हे कोण?” भाचीने कुजबुजत विचारलं.

“नर्सरीवाले,” आई कुजबुजली. “फेरीला मदत करायला येतात म्हणे. मदत बघ कशी चाललीय.”

हे सांगून भाची हसत सुटली. “आणि आत्या, तुम्ही दोघं आळीपाळीने घोरत होतात.”

“मी घोरत नाही,” सिस्टर म्हणाली. “ते मामा.”

“तेही अगदी हेच म्हणाले,” भावजय आतून म्हणाली आणि मशीन सुरू केलं.